शिंगं फुटलेली चांदणी

व्हेनिसमध्ये चष्मेवाले पुष्कळ होते, पण ‘माझी काच खोटं बोलत नाही’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी ओर्सोला एकटीच. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, आता दुकानाला कुलूप लागणार. तिनं बाह्या सरसावल्या आणि कुरुंदाच्या पुडीनं भिंगं घासायला बसली. दुर्बिणींचे दिवस आले तशा तिनं दुर्बिणीही केल्या आणि प्रत्येकीवर नवऱ्याचा मासळीचा शिक्का उमटवला. जिभेनं फटकळ, पण हाताला तोड नव्हती, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

त्या उन्हाळ्यात एका कप्तानानं तिची दुर्बीण चष्मेवाल्यांच्या संघात नेऊन आपटली. जहाजं छान दिसतात म्हणाला, पण शुक्राची चांदणी कुणी लचका तोडल्यासारखी दिसते. संघाचा रिवाज कडक होता. सदोष भिंग कारागिरानं आपल्याच दारात, चारचौघांदेखत हातोडीनं फोडायचं, नाहीतर शिक्का जप्त. संघाचा प्रमुख होता तिचाच दीर, बोर्तोलो. दुर्बीण आणि हातोडी घेऊन तो संध्याकाळी दारात उभा राहिला.

“वहिनी, फोडून टाक. दादाचा शिक्का तरी वाचेल.”

“आधी बघा तरी, भावजी. की हल्ली हातोडीनंच बघता?”

सूर्य नुकताच बुडाला होता. दोघं गच्चीवर गेली. ओर्सोलानं डोळा लावला. चांदणीला खरंच चंद्रकोरीसारखी दोन शिंगं होती. या भिंगावर तिनं अख्खा वसंत घालवला होता.

पण हातपाय गाळणारी ती नव्हती. तिनं नळीच्या तोंडाचं भिंग जागच्या जागी फिरवलं. खोट काचेत असली की काचेबरोबर तीही फिरते, हे तिला बोर्तोलोनंच शिकवलं होतं. शिंगं हलली नाहीत.

“आता तुम्ही फिरवा.”

त्यानं पुरता फेरा दिला. मग पुन्हा एकदा.

“तिथंच आहेत,” तो पुटपुटला. “म्हणजे चांदणीच खोटी?”

“तिला कशाला नावं ठेवता? मुरानोच्या काचभट्टीपाशी वाढलात ना? भट्टीपलीकडच्या माणसाचा सगळा चेहरा उजळलेला दिसतो. तोच फिरत अलीकडं आला की नुसती गालाची कड. ही बयाही तशीच सूर्याच्या भट्टीभोवती फिरतेय आणि आत्ता अलीकडं आलीय. आपणही फिरतो की नाही, यावरून पंडितांची जुंपलीय म्हणे. मला विचाराल तर आपणही फिरतोच.”

“हळू बोल. खाली पाद्री राहतो.”

“राहू दे. त्यालाही दाखवीन.”

बोर्तोलो हसला नाही. त्यानं हातोडी कठड्यावर ठेवली.

“मागं एका हिवाळ्यात मी माझं भिंग फोडलं. माझ्याच दारात. त्यातही शिंगंच दिसली होती.”

“फिरवून नाही पाहिलंत?”

“शरमेपुढं सुचलंच नाही. तसं भिंग पुन्हा झालं नाही, वहिनी. मला वाटलं, माझा हात गेला.”

एरवी ओर्सोलानं टोमणा हाणला असता. आज नाही. तिनं दुर्बीण पुन्हा त्याच्या हातात दिली.

“नीट बघून घ्या, भावजी. तुमचंही भिंग खरंच बोलत होतं.”