शेवंता नावाची लिली

मारुंजीत मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव-गाव काहीच विचारलं नाही. जिन्यातली एक कुंडी उचलून त्यांनी थेट माझ्या नाकासमोर धरली. लांबलचक हिरव्या दांड्यावर तुतारीसारखं तोंड उघडलेलं मोठं लाल फूल होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला बंगल्यांच्या अंगणात फुलते ती लिली.

"वास घ्या," ते म्हणाले. मी घेतला. "कसा हाय?"

खोली मला हवी होती. खिडकीत ऊन होतं, नळाला पाणी होतं आणि हिंजवडीला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. 'छान आहे' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण सकाळपासून खोल्या बघून मी इतकी वैतागले होते की तोंडातून खरं तेच गेलं. "काका, ह्याला वासच नाहीये."

"अगं, हिला देऊ खोली," त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं. "खोटं बोलत न्हाई."

आधीच्या सगळ्यांनी म्हणे त्या फुलाची तोंड भरून स्तुती केली होती. एकाला तर त्यात मोगऱ्याचा वास आला होता.

ते आमचे अण्णा, आणि त्यांची बायको म्हणजे काकी. मारुंजीचंच जुनं शेतकरी घर. जमिनीवरून रस्ता गेला, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्यांची तीन मजली इमारत उभी राहिली, आणि अण्णांची सगळी नोकरी चाकणकडच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे इमारतीची गच्ची, खालची चिंचोळी पट्टी आणि हातात भरपूर वेळ एवढं उरलं. त्या सगळ्यात त्यांनी लिल्या भरल्या. भाडेकरूंना ते गावाच्या नावाने हाक मारत. मी 'नांदेड' झाले. वरच्या मजल्यावर शिफ्टची नोकरी करणारे सावंत होते, ते 'कणकवली'. "ए नांदेड, खाली ये गं," अशी हाक जिन्यातून आली की चहा तरी असायचा, नाहीतर नाकापुढे फूल तरी.

अण्णांना वासाची लाल लिली हवी होती. लाल लिलीला वास नसतो. पांढऱ्यातल्या एखाद्या जातीला असतो, मंद, पण असतो. लाल लिली त्यांच्या आईने विहिरीच्या काठाला लावलेली. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी अण्णांनी तिचे कांदे उकरून घरी आणले होते. वासाची पांढरी त्यांना तळेगावच्या एका नर्सरीवाल्या मित्राने दिली. दोघींचं लग्न लावायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. 'लग्न' हा त्यांचाच शब्द. लाल कळी उमलायच्या बेतात आली की तिच्यातले पिवळ्या भुकटीचे तुरे चिमटीने काढून टाकायचे, मग पांढरीची भुकटी कान कोरायच्या काडीवर घेऊन लालच्या मधल्या दांडीच्या टोकाला लावायची, आणि मधमाशीने मध्ये तोंड घालू नये म्हणून वर चांदीच्या कागदाची टोपी. कुठल्या फुलाचं कुणाशी जमवलं ते लक्षात राहावं म्हणून देठाला काकींच्या शिवणाच्या डब्यातला रंगीत दोरा बांधायचा. काकींना ब्लाउज शिवताना हवा तो रंग कधी सापडायचा नाही. "जा गच्चीवर, तिथं बांधलाय माझा दोरा," असं त्या आम्हाला सांगायच्या.

बी धरलं की काळ्या, कागदासारख्या पातळ चकत्या निघतात. अण्णा त्या पातेल्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवत. त्यांना कोंब फुटला की मातीत. आणि मग तीन वर्षं, कधी चार वर्षं नुसती पानं बघायची. आमच्या ऑफिसात दर पंधरा दिवसांनी काहीतरी करून दाखवावं लागतं. मी एकदा विचारलं, "अण्णा, इतकं थांबवतं कसं तुम्हाला?" ते म्हणाले, "मी कुठं थांबलोय? तीच थांबलीया. मी आपला पानी घालतोय."

पहिल्या लग्नाची सगळी पोरं लाल निघाली आणि एकीलाही वास नव्हता. नर्सरीवाल्या मित्राने सांगितलं की वास आत कुठेतरी दडलेला असेल, ह्यांचं पुन्हा पांढरीशी जमव. अण्णांनी जमवलं. नापास झालेल्या लिल्यांना ते कारखान्यातल्या सवयीने 'रिजेक्ट' म्हणत, पण फेकत नसत. आसपासच्या सोसायट्यांच्या वॉचमनना एकेक कांदा नेऊन देत. मार्च लागला की आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गेटाशी, वॉचमनच्या केबिनला टेकून, अण्णांचा रिजेक्ट माल लालभडक फुललेला असायचा.

हे सगळं मला काकींनी टप्प्याटप्प्याने सांगितलं. आणि एकदा, जिन्याच्या पायरीवर मेथी निवडताना, सांगितलं ते दुसरंच.

पांढरीशी पुन्हा जमवलेल्या फुलांचं बी अण्णांनी मातीत लावलं आणि कोरोना आला. दुसऱ्या लाटेत अण्णा पिंपरीच्या दवाखान्यात होते. जगतात का नाही असं झालं होतं. घरी आले तेव्हा अंगात जीव नव्हता, तरी काठी धरून गच्चीवर गेले. पांढरी लिली फुलली होती. तिच्यात नाक घालून ते उभे राहिले. "लई वेळ उभे व्हते," काकी म्हणाल्या. "मला वाटलं बरं वाटतंय त्यांना. खाली आले आणि जेवताना म्हनले, आज आमटीला फोडनी दिली न्हाईस का? मी लसनाची फोडनी दिली व्हती."

वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. काकी रोज सकाळी त्यांच्यासमोर कधी लवंग, कधी कापूर, कधी लिंबाची साल धरत. काही महिन्यांनी अण्णाच म्हणाले, पुरे आता. पण कुंड्यांचं पाणी त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही.

तेव्हा मला माझ्या नाकासमोर धरलेल्या कुंडीचा अर्थ कळला. जे बी त्यांनी वास येत असताना लावलं होतं ते आता फुलायला लागलं होतं, आणि त्यातली कुठली वासाची हे ओळखायला त्यांच्याकडे नाकच नव्हतं. काकींचं नाक होतं, पण ते त्यांना चालायचं नाही. "तिला सगळ्यालाच वास येतो," अण्णा मला म्हणाले होते. "तिचं नाक माझ्यावर मेहेरबान हाय." म्हणून परकी नाकं. बिहारचा सुतार, गॅस सिलिंडर आणणारा, मीटर वाचायला येणारी मुलगी, कुणी सुटायचं नाही.

माझ्या तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या कुंडीतली एक कळी उघडली. गडद लाल, जवळपास डाळिंबी, आणि घशात हिरवट छटा. सकाळी काकींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "येतोय."

"तुला रोजच येतो," अण्णा म्हणाले. मग जिन्यात हाक. मी डबा हातात घेऊन बससाठी धावत होते. धावतच गच्चीवर गेले, वाकले, वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

"नाही अण्णा."

अण्णांनी मान हलवली. काकी मात्र पदर खोचून खाली निघून गेल्या. दिवसभर ऑफिसात मला त्यांची पाठमोरी आकृती दिसत राहिली.

संध्याकाळी परत आले आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. ऊन उतरलं होतं. दोरीवरचा कुर्ता ओढला आणि थांबले. काहीतरी येत होतं. आधी वाटलं कपड्यांचाच असेल. कुर्ता हुंगला. तो नव्हे. कोपऱ्यातल्या कुंडीशी गेले, वाकले, आणि तशीच जिन्यातून ओरडत खाली आले. अण्णांना वाटलं, गच्चीवरून कुणी पडलं. काही फुलांचा वास ऊन उतरल्यावर जास्त सुटतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ते वर आले तरी माझ्यावर विसंबले नाहीत. एकाने तपासलेला माल दुसऱ्याने तपासायचा, ही त्यांची जन्माची सवय. ड्युटीवर निघालेल्या सावंतांना त्यांनी बोलावलं. "कणकवली, काय बोलू नको. नुसता वास घे." सावंतांनी बॅग खाली ठेवली, डोळे मिटले, वास घेतला. "येता, अण्णानू," ते म्हणाले. "बारीक आसा, पण येता."

अण्णा खुर्चीवर बसले. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "कसा येतोय?"

मी म्हटलं, गोडसर. म्हटलं, थोडा लिंबाच्या पानासारखा. सावंत म्हणाले, ओल्या गवतासारखा. अण्णा प्रत्येक शब्दावर मान डोलवत होते, पण शाळेत न समजलेल्या गणितावर मुलं डोलवतात तशी. एवढी वर्षं ज्याच्यासाठी घातली ते हातभर अंतरावर होतं आणि आम्ही ते त्यांच्यापर्यंत नेऊ शकत नव्हतो.

काकी शेवटी वर आल्या. सकाळचा राग चेहऱ्यावर होताच. त्यांनी वाकून सावकाश वास घेतला. मग अण्णांच्या खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"लग्नानंतर तुमी मला पयला साबण आणला व्हता," त्या म्हणाल्या. "हिरव्या कागदातला. आठवतो? मी तो लई दिवस उघडलाच न्हाई, लुगड्यांच्या घडीत ठेवला व्हता. लुगड्यांना जो वास लागला व्हता ना, तसा हाय हा."

अण्णा त्यांच्याकडे वळले. "साबणाचा?" ते म्हणाले. "इतकं करून साबणाचा वास?" आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी पंचा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. सावंतांनी हळूच बॅग उचलली आणि ड्युटीला गेले.

पंचा काढल्यावर अण्णा म्हणाले, "सकाळी खरं बोलली व्हतीस."

"मी कधी खोटं बोलले न्हाई," काकी म्हणाल्या. "आधीच्या फुलांनाबी मला यायचा. तुमी इतक्या आशेनं विचारायचा, मग यायचाच."

फुलाचं नाव 'शेवंता' ठेवलं. शेवंता हे काकींचं नाव. त्यांनी खूप विरोध केला. "लिलीला शेवंतीचं नाव? लोकं हसतील." "हसू द्या," अण्णा म्हणाले. लोक खरंच हसले. नर्सरीवाल्या मित्राने तर विचारलं, कमळाचं नाव गुलाब ठेवणार का? अण्णांना त्याने काही फरक पडला नाही.

पण शेवंता एकच होती. एकच कांदा. तो कुजला तर सगळं संपलं. मित्राने सांगितलं की कांद्याच्या उभ्या चिपा करून ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात, ठेवल्या तर प्रत्येक चिपेला बारीक कांदा धरू शकतो. धरेलच असं नाही. अण्णांनी तो विषय वर्षभर पुढे ढकलला. पुढच्या वर्षीचा बहर संपल्यावर कांदा मातीतून काढून धुतला, पाटावर ठेवला, सुरी हातात घेतली. सुरी खाली ठेवली. पुन्हा उचलली. आम्ही दोन-तीन भाडेकरू भोवती उभे.

"सरका," काकी म्हणाल्या. "आपल्या घरात कांदा कोण चिरतं?" आणि पोह्यांना चिरावा तसा, डोळ्याची पापणी न हलवता, त्यांनी तो चिरून दिला.

चिपा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून न्हाणीघराबाहेरच्या तारेला टांगल्या. आता धोका कुजण्याचा. कुजायला लागलेली चीप वासावरून आधी कळते, दिसायच्या आधी. रोज सकाळी काकी एकेक पिशवी उघडून हुंगत आणि 'ही गेली' किंवा 'ही हाय' असं सांगत, आणि अण्णा मागे उभं राहून, एक शब्द न विचारता, गेलेली काढून टाकत. एकदाही त्यांनी तपासायला मला हाक मारली नाही. मी जिन्यातून जाताना ते दोघे तारेखाली उभे दिसत. बऱ्याच चिपा गेल्या. काहींना लसणाच्या पाकळीएवढे पांढरे कांदे धरले.

त्यानंतर माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला गेले. निघताना मला वाटत होतं अण्णा एक छोटा कांदा हातावर ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. "लहान हायेत अजून," ते म्हणाले. "आईपासून आत्ताच तोडून कसं चालंल? दोन वर्सांनी ये, मग ने." मी थोडी खट्टू झाले. काकींनी शेवयांचा डबा दिला.

दोन वर्षं अण्णांना मिळाली नाहीत. हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सावंतांचा फोन आला. मला कामातून तेव्हा निघता आलं नाही. मार्चमध्ये गेले. जिना तोच. मला वाटलं होतं, गच्ची सुकून गेली असेल. सुकली नव्हती; शेवंताच्या लहान कुंड्यांतही हिरवी पानं होती.

काकी गच्चीवर पाटावर बसल्या होत्या. नाकावर चष्मा, एका हातात कान कोरायची काडी, समोर फिकट, पिवळसर पाकळ्यांची एक लिली. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मला बघून त्यांनी खुणेनेच 'थांब' म्हटलं. काडीवरची भुकटी दांडीच्या टोकाला लावली, चांदीच्या कागदाची टोपी घातली, दोरा बांधून दाताने तोडला. मग मला जवळ घेतलं. आम्ही दोघी थोडा वेळ रडलो.

"ही कुठून आणली?" मी नंतर विचारलं.

"त्यांच्या मित्राकडनं मागून आणली," काकी म्हणाल्या. "मला पार पिवळीधमक करायची हाय. हळदीसारखी." आणि आवाज जरा खाली आणून, "त्यांना पिवळा रंग अजिबात आवडायचा न्हाई. मला आवडतो."