अंबूबाईच्या घरातला इळा

कुंडलच्या अंबूबाईचा विश्वास दोघींवरच : एक तिची म्हैस अन् दुसरी ती स्वतः. म्हशीवरसुद्धा धार काढून होईपर्यंतच. अशा बाईच्या नवऱ्यानं, केरबानं, खरसुंडीच्या जत्रेत बैल बघायला जावं अन् बैल सोडून सून पसंत करून यावी! पोरगी अथणीपलीकडची, कानडी मुलखातली, गौरव्वा. तिचा बाप जत्रेत फक्कड मराठी बोलला, म्हणून पोरगी काय बोलते हे विचारायचं केरबाला सुचलंच नाही.

मुलगा हंबीरराव पलटणीतला. लढाईचे दिवस, हळद उतरायच्या आत रजा संपली. रिवाजाप्रमाणं सुनेचं नाव बदलून शालू ठेवलेलं. ‘शालू’ अशी हाक मारली की पोरगी दाराकडं बघायची, कोण पाहुणी आली म्हणून.

"नावाला ओ देत न्हाई. मनात काय तरी हाय हिच्या," अंबूबाई म्हणाली.

पण खरी धडकी भरली ती एका शब्दानं.

"जेवलीस का गं?"

"इल्ला."

अंबूबाईला ऐकू आलं ‘इळा’. आपल्याकडं विळ्याला इळाच म्हणतात. वाटलं, गवताला निघाली असेल.

"डोस्कं दुखतंय का?"

"इल्ला."

"म्हायेरची याद येती व्हय?"

"इल्ला."

आता डोकं दुखल्यावर कुणी विळा मागतं का, तुम्हीच सांगा!

शेजारची धोंडुबाई म्हणजे आगीला वारा. "आवं अंबूबाई, तिकडची मानसं लय जालीम. सासवा टिकत न्हाईत." अथणी तिनं स्वप्नातही पाहिली नव्हती. तरी खात्री करायला, पीठ मागायच्या निमित्तानं, ती स्वतः आली. "पोरी, माजा राग आलाय व्हय तुला?"

"इल्ला," पोरगी गोड हसून म्हणाली.

धोंडुबाई पिठाची वाटी तिथंच टाकून जी सुटली, ती घरी जाऊन आतून कडी लावूनच थांबली.

अंबूबाईनं घरातले सगळे विळे कणगीत, ज्वारीच्या खाली पुरले. केरबा बांधावर हातानं गवत उपटू लागला. "आगं, इळं कुटं गेलं?"

"जीव प्यारा असंल तर इचारू नगा."

हंबीरराव दिवाळीला रजेवर येणार होता. त्याच्याआधी हिला माहेरी पोचवायची अन् त्याला दुसरी करायची, असं अंबूबाईनं परस्पर ठरवून टाकलं. सकाळी गाडीवाल्या जोतीरामची बैलगाडी दारात उभी. आपलं बोचकं बांधलेलं बघून पोरगीला न सांगता कळलं. लग्न होऊन महिना नाही झाला अन् परत धाडलेली लेक. तिला गावात कोण उभं करणार? तिनं चौकट धरली, ती सोडेना.

अंबूबाईचा पारा चढला. कणगीत हात घालून तिनं एक विळा उपसला अन् सुनेच्या पुढ्यात टाकला. "घे! ह्योच पायजे न्हवं? काप माजी मान!"

पोरगी भिंतीला चिकटली. दोन्ही हात हलवत ओरडली, "इल्ला! इल्ला! आत्ती, इल्ला!"

‘आत्ती’ म्हणजे सासू, तेवढं समजलं. पण विळा मागणारी विळ्याला बघून भिंतीत शिरते? अंबूबाईनं विळा उचलून पुढं केला. "घेत न्हाईस?"

"इल्ला!"

"मारनार न्हाईस मला?"

"इल्ला!" अन् मान अशी हलली की डोक्यावरचा पदर खाली आला.

अंबूबाई मटकन खाली बसली. "न्हाई म्हंतीयास व्हय, सटवे! मग सरळ मराठीत न्हाई म्हनाया काय झालं हुतं?" जणू पोरगी कुंडलच्या शाळेत शिकलेली!

बोचकं घरात आलं, गाडी रिकामी वळली. विळे बाहेर निघाले, पण शंका कुठली निघतेय! सासूसुना लगेच न्याहारीला बसल्या. अंबूबाईनं दुसरी भाकरी पुढं केली.

"साकु," सून म्हणाली.

भाकरी हवेत थांबली. इळा झाला, आता चाकू? अंबूबाईनं दाराकडं पाहिलं. गाडी अजून कोपऱ्यावरच दिसत होती. हाक मारली असती तर जोतीराम वळला असता. पण तिनं घसा खाकरला अन् लग्नापासून पहिल्यांदाच विचारलं, "म्हंजी काय गं?"

पोरगीनं दोन्ही तळवे ताटावर पालथे धरले.

"पुरं व्हय?" अंबूबाई म्हणाली. "पुरं म्हननारी तू कोन?" अन् भाकरी त्या तळव्यांवरच ठेवली.