मी रुसलो नव्हतो

मांडवगण फराट्यात, माझ्या बहिणीच्या सासरी, अजून सांगतात की भाचीच्या लग्नात मामा रुसला होता. मी रुसलो नव्हतो. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळं लोकांना माझ्याबद्दल जे वाटतं ते वाटू देतो. पण ही गोष्ट मनाला लागून राहिलीय, म्हणून एकदाचं सांगून टाकतो. माझी चूक होतीच, पण ती वेगळी.

लग्नाच्या दिवशी सकाळी केडगावच्या घरी मी एकटाच होतो. बायको आधीच लग्नघरी जाऊन बसली होती. घसा असा धरला होता की आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, अंगही तापलेलं. फोनवर बायको म्हणाली, "रसवंतीतला बर्फ नडला. गुळण्या करा आन् निघा." मलाही वाटत होतं, बर्फच असू दे. पण बातम्यांत करोनाच्या नव्या व्हेरियंटचं चालू होतं, म्हणून मेडिकलमधून टेस्टचं किट आणलं. पट्टीवर दोन रेघा आल्या. पहिली ठळक. दुसरी माझ्यासारखी, कोपऱ्यात उभी राहून काही न बोलणारी. पण होती.

दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "नवा म्हणजे काही आभाळातून पडलेला नाही. जुन्याच विषाणूनं रूप बदललंय. तुमची लस झालीय, आधी एकदा होऊनही गेलाय, तेव्हा शरीराला थोडी ओळख आहे. बहुतेक दोन-चार दिवस तापून उठाल. पण वयस्कर माणसं, छाती कमजोर असलेली माणसं, यांच्या जवळ जायचं नाही. ताप उतरून बरं वाटेपर्यंत घरातच थांबा."

"आज भाचीचं लग्न आहे."

"जाऊ नका."

"बरं," म्हणालो, आणि गेलो. हीच ती चूक. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडं मामाशिवाय लग्न लागत नाही. माइकवरून पुकारा होतो, मामा नवरीला घेऊन येतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बहिणीला भाऊ मी एकटाच. आणि डॉक्टरांनी ज्यांच्या जवळ जाऊ नका म्हणून सांगितलं, तसा माणूस त्या मांडवात पहिल्याच खुर्चीवर बसणार होता. बहिणीचे सासरे, नवरीचे आजोबा, आमचे आप्पा. मोठ्या लाटेत ते दौंडला ऑक्सिजनवर होते. वाचले, पण तेव्हापासून चार पावलं चालले तरी छाती भात्यासारखी वाजते. त्यांना माझ्यामुळं काही झालं तर?

मी स्वतःपुरता तोडगा काढला. एन-९५ मास्क नाकावर घट्ट दाबून बसवायचा, एकट्यानं मोटरसायकलवर जायचं, मांडवाबाहेर मोकळ्यावर उभं राहायचं, बहीण दिसली की लांबूनच सांगायचं आणि माघारी फिरायचं. स्टेजच्या मागं कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली उभा राहिलो.

लग्नात मानपानावरून कुणी ना कुणी रुसतंच, आणि त्याची समजूत काढायला माणसं जातात, हे मी विसरलो होतो. मामा मांडवात न येता झाडाखाली एकटाच उभा, त्यात तोंड बांधलेलं. आणखी काय पाहिजे?

आधी दाजी आले, सोबत भावकीतले दोघं. "काय पाव्हणं, काय चुकलं आमचं?"

मी मागं सरकलो. ते पुढं आले. मी आणखी मागं.

"बगा, अंगाला हातबी लावू देईना!"

"दाजी, लांब थांबा, ते..." आवाज फुटेना.

"गळा दाटून आलाय वो त्यांचा," भावकीतला एक जण हळहळला. "नवऱ्याच्या मामाला तुऱ्याचा फेटा आन् आपल्या मामाला साधा. कुणाला बी लागंल."

झालं. फेटेवाला पळत आला. फेटा बांधायचा म्हणजे डोक्याला डोकं लावायचं काम. मी झाडाच्या पलीकडं गेलो, तो मागोमाग आला. मी अलीकडं आलो. फेट्याचं कापड झाडाला गुंडाळत गेलं आणि आम्ही दोघं फिरत राहिलो. नवरदेव शिरूरचा, त्याच्या मित्रांनी ड्रोन आणलं होतं. ते डोक्यावर घोंगावायला लागलं आणि मांडवातल्या मोठ्या स्क्रीनवर आमची शर्यत दिसायला लागली.

"आरं, नवरा-नवरीच्या आधी मामाच फेरे घ्यायलाय!"

मांडव हसून लोळला. तेवढ्यात पुकारा करणाराच माइक घेऊन समोर उभा राहिला. "मुलीच्या मामांना नम्र विनंती, त्यांनी राग सोडावा!" असं म्हणून त्यानं माइक माझ्या तोंडापुढं धरला.

आणि त्याच्या मागून काठी टेकत आप्पा येताना दिसले. छाती वाजत होती, डोळे भरले होते. "पोरा, नातीसाठी मी पाया पडतो तुझ्या." पुढं आप्पा, बाजूला फेटेवाला, मागं पाण्याची टाकी. सरकायला जागा उरली नाही.

"आप्पा, तिथंच थांबा! मला करोना झालाय. सकाळीच कळलं. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. फेटेवाला कापड टाकून दिसेनासा झाला. पुकारा करणाऱ्यानं माइक रुमालात गुंडाळला. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नवीन व्हेरियंट हाय का? टॉप मॉडेल का बेस?"

आप्पा मात्र होते तिथंच थांबले. उपरणं नाकावर धरलं.

"म्हंजी रुसला न्हाईस?"

"न्हाई, आप्पा."

"मग काय तर! येड्या, आधी बोलायचं." मग वळून म्हणाले, "स्टेजचा मागचा पडदा काढा. वारं बी येऊ द्या. मामानं नवरीच्या पाठीशी उभं ऱ्हायाचं न्हवं? मग हाय की पाठीशी. जरा लांब हाय, एवढंच."

पडदा निघाला. नवरीला बहिणीनं आणलं. मी झाडाखालून अक्षता टाकल्या, एकही तिच्यापर्यंत पोचली नाही. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि हसू दाबायला तोंडावर शेला धरला.

नंतरचा आठवडा मी खोलीत काढला. माझा ताप लवकर उतरला, धास्ती काही उतरेना. रोज आप्पांना फोन करायचो आणि त्यांच्या बोलण्याआधी श्वास ऐकायचो. फेटेवाला मात्र तापानं पडला. तो बरा झाल्यावर मी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. "तापाचं काय न्हाई, मामा," तो म्हणाला, "पळून पळून पोटऱ्या धरल्या."

आप्पांना काही झालं नाही. पण रुसव्याची गोष्ट तेच अजून पारावर रंगवून सांगतात. शेवटी न राहवून मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला तर खरं माहीत आहे."

"हाय की. पर करोना काय, समद्यांलाच झाला," ते म्हणाले. "मामा आपल्या एकट्याचाच पळाला."

बोलताना मध्ये थांबले, दम घेतला. मी तो मोजल्यासारखा ऐकला. नेहमीचाच होता.