खरं बोलायची चटई

आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी एक लांब भिंत आहे. तिच्यावर निळ्या रंगात वाक्यं लिहिलेली आहेत, दर वर्षाचं एक. शेवटच्या वाक्यावर मात्र चुना फासलाय. नवे शिक्षक विचारतात, इथे काय होतं हो? जुने शिक्षक लगेच घड्याळ बघतात. तेओपिस्ता बाई तर भिंतीकडे नजरसुद्धा टाकत नाहीत. फाटकातून आत आल्या की मान दुसरीकडे, फणसाच्या झाडांकडे. आणि हा वाक्यांचा सगळा खटाटोप सुरू केला होता तो ह्याच बाईनं.

आता भिंतीवर सुविचार कुठल्या शाळेत नसतो? आमच्याकडच्या मसाका गावच्या रस्त्याला लागा, दर दोन मैलांवर एक शाळा आणि दर शाळेवर एक सुविचार. तेओपिस्ता बाईंना त्याचा मनस्वी राग. "भिंतीवर लिहून माणूस सुधारत असता," त्या म्हणायच्या, "तर पोलीस ठाणी ओस पडली असती." त्यांचं म्हणणं असं, की वर्षाला वाक्य एकच घ्यायचं, पण त्याच्या जोडीला करायची गोष्टही एक हवी. ती वर्षभर करायची, सगळ्यांनी करायची, त्यातून मास्तरही सुटायचे नाहीत.

पहिल्या वर्षाचं वाक्य होतं, 'प्रत्येकाला नाव आहे'. आमच्याकडच्या पोरी बाईंसमोर गुडघे टेकून रामराम करतील, पण सकाळी मक्याची पेज वाढणारा कासुले, त्याला नुसतं "ए, वाढ." मग नियम झाला, की कासुलेची नाव घेऊन विचारपूस केल्याशिवाय पेज मिळणार नाही. आणि आमची विचारपूस म्हणजे काय थोडक्यात आटपणारी गोष्ट आहे का? रात्र कशी गेली, घरची कशी आहेत, तिकडच्या वाडीची काय खबर. कासुले कुरकुरला, "बाई, इथे पेजेवर साय धरतेय आणि पोरं माझ्या सासूची चौकशी करतायत." पण बघता बघता गडी बदलला. वर्षअखेरीस तो इस्त्रीचा शर्ट घालून चुलीपाशी उभा राहायला लागला.

दुसऱ्या वर्षी 'आपलं ताट आपण'. त्या वर्षी मोठ्या बाईसुद्धा नळावर उकिडव्या बसून ताट घासायच्या. मोठ्या बाई म्हणजे पर्पेतुआ नामुद्दू, आमच्या मुख्याध्यापिका. ती आणि तेओपिस्ता शिक्षिकांच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. दोघींत मिळून चांगल्या बुटांचा जोड एकच. जिची मुलाखत तिच्या पायात बूट, दुसरी त्या दिवशी सपातांवर. डोकं तेओपिस्ताचं चालायचं, हिंमत पर्पेतुआची. एकीनं सुचवायचं, दुसरीनं टेबलावर हात आपटून करवून घ्यायचं. जोडी जमली होती, आणि आम्हा सगळ्यांना त्या जोडीचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या वर्षाचं वाक्य, 'आम्ही खरं बोलतो'. तेच ते चुन्याखालचं.

त्या सुट्टीत तेओपिस्ता बाईंनी स्वतः ताडाच्या पातीची चटई विणली, जांभळा नि हिरवा काठ घालून. आमच्याकडे चटई म्हणजे साधी गोष्ट नाही. पाहुणा आला की चटई, सोयरिकीची बोलणी चटईवर, मयताला बसायचं ते चटईवर. बाई म्हणाल्या, दर सोमवारी प्रार्थनेनंतर चटई फणसाखाली अंथरायची. ज्याला वाटेल त्यानं येऊन आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, स्वतःचीच. आणि चटईवर बोललेल्या शब्दाला शिक्षा नाही.

"शिक्षा नाही म्हणजे नाही?" पर्पेतुआनं विचारलं.

"नाही म्हणजे नाही. एकाला जरी झाली, तर दुसऱ्या सोमवारी चटईवर कुत्रं बसेल."

पर्पेतुआ हसली. पहिल्या सोमवारी ती स्वतः चटईवर गुडघे टेकून बसली, अंगातला नवा गोमेसी झगा मळेल ह्याची पर्वा न करता. म्हणाली, "गेल्या वर्षी पाहुणे आले तेव्हाच मी ताट घासायचे. एरवी कासुलेकडून घासून घ्यायचे. आणि ऐका, ह्या चटईवरचा शब्द माझ्या ऑफिसात येणार नाही. माझं वचन आहे." पोरं इतकी हसली, की शेजारच्या चर्चमधला माळी कुंपणावरून डोकावला.

मग काय, चटई चालू झाली. फणस कुणी चोरले, प्रार्थनेत डोळे कोण उघडे ठेवतं. गणिताचे सर येऊन म्हणाले, मी वह्या न वाचताच बरोबरच्या खुणा करतो. तेओपिस्ता बाई झाडाला टेकून ऐकायच्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू पोटच्या पोराचं बारसं चाललंय.

ह्याच बाई शाळेची गाणारी मंडळीही तयार करायच्या. त्यांचा मुख्य गळा म्हणजे बिराब्वा. सातवीतली, उंच, अबोल पोर; आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलेली. आत्या रस्त्याकडेला मटोके, म्हणजे हिरवी केळी, भाजून विकते. बिराब्वाला तालमीनंतर एक सवय होती. सगळ्या गेल्या की बाईंपाशी येऊन, गुडघे टेकून विचारायची, "बाई, बरोबर झालं ना?" बाई झालं तर झालं म्हणायच्या, नाही तर नाही. तोंडदेखलं कधीच नाही.

जिल्ह्याच्या गायन स्पर्धेच्या दिवशीच नेमका बाईंच्या वारलेल्या भावाच्या जागी वारस बसवायचा विधी आला. तो काही चुकवता येत नाही. पर्पेतुआ म्हणाली, "तू जा, तेओ. पोरींना मी नेते." आणि संध्याकाळी चषक घेऊन आली. बाई परतल्या तर शाळेत ढोल वाजत होते. त्यांनी बिराब्वाला जवळ ओढलं, "कशी गायलीस गं?"

"चांगली, बाई," बिराब्वा म्हणाली. बरोबर झालं का, ते तिनं विचारलं नाही. बाईंना वाटलं, पोर दमली असेल.

दोन-तीन आठवडे गेले. एका सोमवारी बिराब्वा रांगेतून निघाली आणि चटईवर येऊन गुडघे टेकून बसली.

"मी स्पर्धेत गायले नाही," ती म्हणाली. "माझा गणवेश दुसऱ्या शाळेतल्या मुलीनं घातला. माझ्या नावावर ती गायली. मला गाडीत खाली वाकून बसायला सांगितलं होतं, मी बसले. कर्ण्यावर माझं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मी गाडीतून ऐकल्या. नंतर बाईंनी विचारलं तेव्हा मी चांगली गायले म्हणाले. ती माझी चूक."

कुणी सांगितलं, का सांगितलं, त्यातलं एक अक्षर नाही. नियमच तसा होता, स्वतःची चूक सांगायची. पण कुणी सांगितलं हे कळायला काय मोठी अक्कल लागते? तेओपिस्ता बाईंनी गाणाऱ्या पोरींकडे पाहिलं. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. खरं बोलायच्या वर्षात, बाईंच्याच तालमीत रोज बसणाऱ्या सगळ्या पोरींना. मग त्यांनी पर्पेतुआकडे पाहिलं. पर्पेतुआ हसून म्हणाली, "छान. वर्गात चला."

दुपारी बिराब्वाची पत्र्याची ट्रंक आणि गादी वसतिगृहाबाहेर आली. आत्याला निरोप गेला होता, पोरीला घेऊन जा.

तेओपिस्ता बाई ऑफिसात शिरल्या त्या दार न ठोठावता. चषक टेबलावरच होता.

"पर्पेतुआ, तू वचन दिलं होतंस."

"चुकीबद्दल दिलं होतं. शाळेची अब्रू वेशीला टांगण्याबद्दल नाही."

"तिनं तुझं नाव तरी घेतलं का? आणि दुसऱ्याची पोर आणायची गरजच काय होती? माझी बिराब्वा तिच्यापेक्षा—"

"तुझी बिराब्वा घाबरली असती. मोठं मैदान, परीक्षक, कर्णे." पर्पेतुआनं कागद सरळ केले. "तेओ, तुला वाटतं ताटं घासून शाळा चालते? चषक आल्यावर पंधरा दिवसांत किती पालक चौकशीला आले, विचार जा. तुझी वाक्यं मी भिंतीवर लावली. भिंत माझी आहे म्हणून लागली."

तेओपिस्ता बाई खुर्चीवर बसल्या. एका बुटांच्या जोडात निम्मं तारुण्य काढलेलं हे माणूस. ही असं बोलेल हे स्वप्नात कुणी सांगितलं असतं, तर बाई त्याच्याशी भांडल्या असत्या.

"आता ऐक," पर्पेतुआ अगदी गोड आवाजात म्हणाली. "मी काही राक्षसीण नाही. येत्या सोमवारी तिनं त्याच चटईवर सांगावं, की मी खोटं बोलले. ट्रंक परत आत. सातवीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, मधेच तिला दुसरी शाळा घेणार नाही, तुलाही माहितीये. माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल."

बाहेर आत्या मोटारसायकलवरून उतरत होती. हाताला अजून कोळशाचा काळा रंग. तिनं गुडघे टेकून बाईंना रामराम केला, सगळी विचारपूस रीतसर केली, आणि मग म्हणाली, "बाई, खरं बोल असं पोरीला तुम्ही सांगितलंत. मी नव्हतं सांगितलं. आमच्या घरात आम्ही पोट बघून बोलतो. आता तिची सातवी बुडाली तर माझ्या शेजारी चुलीपाशी बसेल जन्मभर. तुम्हीच घातलंत हे डोक्यात, तुम्हीच काढा."

तुम्ही काय केलं असतंत? मी तर कितीदा विचार केलाय, मला सुचत नाही. त्या फणसाखाली गेल्या. बिराब्वा ट्रंकेवर बसली होती, बाईंना बघून उठली आणि गुडघे टेकले.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग मला का घालवतात?"

बाईंनी तिच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली आणि सोमवारी काय म्हणायचं ते सांगितलं. सांगताना झाडाच्या बुंध्याकडे बघत होत्या. बिराब्वानं सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, "चटईवरच म्हणायचं? दुसरीकडे नाही चालणार?"

"चटईवरच."

"बरं, बाई."

सोमवार आला. चटई अंथरली. बिराब्वा तिच्यावर गुडघे टेकून बसली, मान ताठ, हात मांडीवर, तालमीत बसायची तशी. "मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "स्पर्धेत मीच गायले. चषक आपल्या शाळेचाच आहे. मोठ्या बाईंची मी माफी मागते." शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. तो गळा तेओपिस्ता बाईंनीच तयार केला होता, शब्द कुठे टाकायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. पर्पेतुआनं टाळ्या वाजवल्या, मग मास्तरांनी, मग पोरांनी. कासुले तेवढा पळी हातात धरून उभा राहिला.

रांगा वर्गात गेल्या. बाई चटई गुंडाळायला खाली बसल्या. पुन्हा ती कधी अंथरली गेली नाही. ती भिंतीवरची ओळही त्याच महिन्यात गेली आणि बाईंनी पुन्हा कधी वाक्य सुचवलं नाही. पण त्या घडीला त्या नुसत्या चटईवरची फणसाची पानं झटकत होत्या. बिराब्वा मागे राहिली होती. ती बाईंच्या समोर चटईवर गुडघे टेकून बसली आणि थोडं पुढे वाकली.

"बाई, बरोबर झालं ना?"

तेओपिस्ता बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"हो गं," त्या म्हणाल्या. "बरोबर झालं."