मुरुमाचा पावसाळा

"म्हटलं होतं ना मी?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. दूध उतू गेलं, बस चुकली, माझं लग्न मोडलं, प्रत्येक वेळी आई हेच म्हणायची आणि माझं डोकं सणकायचं. कारण तिने खरोखरच आधी म्हटलेलं असायचं.

आई अमरावतीत मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. सगळी नोकरी शाळेच्या धुळीच्या मैदानावर गेली. कधीतरी घरामागच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटनचं पक्कं कोर्ट करायचं, एवढी एकच हौस तिला होती. आधी माझं शिक्षण आडवं आलं, मग वरचा मजला, मग बाबांचं आजारपण. बाबा गेले, तरी कोर्ट झालं नाही. जाळी मात्र तिने कधीचीच घेऊन ठेवली होती, लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून.

एका संक्रांतीनंतर तिच्या पोटातल्या दुखण्याचं निदान झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळीचं काही सांगता येत नाही. मी अकोल्याला कॉलेजात शिकवते. रजा टाकली, घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं.

त्याने पहार मारून पाहिली. आमच्याकडची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत शटल गेलं तर हात घालून काढावं लागतं. मिस्त्री म्हणाला, तीन फूट काळी काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि एक पावसाळा तसंच राहू द्यायचं. भराव पाणी पिऊन नीट बसला की दिवाळीनंतर काँक्रीट.

"दिवाळीनंतर नाही," मी म्हणाले. "याच महिन्यात टाका."

मिस्त्री आईकडे पाहू लागला. आई भातकुलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तिला काळ्या मातीचं कोणी शिकवायची गरज नव्हती.

"थांब ना वं," ती मला म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग. भराव बसला नाही त फाटीन थे."

"फाटलं तर फाटलं."

"माह्यासाठी काहून घाई करून राहिली? पुढं गल्लीतल्या पोरी खेळतीन ना."

डॉक्टरांचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं आणि मी भडकले. गल्लीतल्या पोरी गेल्या खड्ड्यात. मला आई एकदा तिच्या स्वतःच्या कोर्टावर उभी असलेली पाहायची होती. मिस्त्रीसमोर मी तिच्यावर ओरडले, आजारी माणसावर ओरडले. त्याची अजून लाज वाटते.

ती मिस्त्रीला म्हणाली, "टाका भाऊ, हे म्हणते तसं. घोडामैदान जवळच आहे. श्रावणात पाहू."

काम सुरू झाल्यावर मात्र तिने मिस्त्रीला सळो की पळो केलं. खुर्ची टाकून बसायची आणि रोलरच्या प्रत्येक फेरीवर नजर ठेवायची. तरी काँक्रीट टाकल्यावर मधोमध, जाळीच्या जरा अलीकडे, परातीएवढा खळगा राहिलाच. पाणी मारलं की तिथे थांबायचं. "हे काय, म्हशीले पाणी प्यायले ठेवलं का?" तिने विचारलं. मिस्त्री हसून निसटला. पुढचे एकवीस दिवस काँक्रीटवर पाणी तिनेच मारलं, पाइप कोणाच्या हातात दिला नाही.

होळीपासून मृगापर्यंत आम्ही रोज सकाळी खेळलो. ती धावत नसे. एका जागी उभी राहून नुसत्या मनगटाने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची. "पाय उचल, प्राध्यापकीण बाई," म्हणायची. दहा मिनिटांत थकायची आणि खुर्चीत बसून गल्लीतल्या मुलींच्या चुका काढायची. त्या दिवसांत मी खूप सुखी होते. इतकी पुन्हा झाले नाही.

आषाढात तिने अंथरूण धरलं. खाट मागच्या खोलीत, खिडकीपाशी घेतली. तिथून अर्धं कोर्ट आणि तो खळगा दिसायचा. पावसाने खळगा भरला की चिमण्या येऊन अंग भिजवायच्या आणि ती पाहत पडून राहायची.

श्रावणात एका सकाळी मी मागे गेले तर कोर्ट फाटलं होतं. खालचा भराव पाणी पिऊन खचला होता. भेग एका कोपऱ्यातून निघून थेट खळग्यातून गेली होती, बोट जाईल एवढी. मी आत आले आणि चहा ठेवला.

दोन दिवसांनी तिने विचारलं, "पाणी काहून नाही राहून राहिलं वं तिथं?"

"वाऱ्याने सुकलं असेल."

बाहेर तेव्हाही झिमझिम चालू होती. ती खिडकीकडे पाहत राहिली. मी वाट पाहत होते. जन्मभर ज्या वाक्याचा राग केला ते तिने आता म्हणावं, मी चिडावं, आमचं नेहमीसारखं भांडण व्हावं, असं मला फार वाटलं.

"हौ," ती म्हणाली. "वाराच असीन."

आणि तिने माझा हात धरला. ती आता जाणार, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. त्या क्षणी पटलं.

पोळ्याच्या आधी ती गेली. तेरावं झाल्यावर मिस्त्री भेटायला आला. चहा घेऊन मागे गेला, उकिडवा बसला आणि भेगेवरून बोट फिरवत राहिला. मग मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही म्हणायच्या आत मीच बोलले.

"आईने म्हटलं होतं."