तिसऱ्या मजल्यावरची खरखर

आमच्या इमारतीत त्यांना सगळे तारकाका म्हणत. हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती, पण जीव हौशी रेडिओत अडकलेला. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची तांब्याची तार ताणलेली असे, आणि दर रविवारी चार वाजता ते तिच्यावरून एका दूरच्या मित्राशी बोलत. मित्र पूर्वी जहाजावर रेडिओ सांभाळायचा. चाळीस वर्षांत दोघांची भेट एकदाही झाली नव्हती. भांडणे मात्र नियमित होत. फोनवर का बोलत नाही, असे कोणी विचारलेच, तर काका त्याच्याकडे असे पाहत, की जणू त्याने जेवणाऐवजी गोळी घ्यायला सुचवले आहे.

आता मित्र मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता. तिच्या इमारतीत एरियल लावायला बंदी होती. येता रविवार शेवटचा. आणि नेमकी गेले दोन आठवडे चारच्या सुमारास अशी खरखर सुरू होई, की मित्राचा मुळातच क्षीण आवाज तिच्यात बुडून जाई.

शनिवारी खरखर सुरू होताच काकांनी घराचा मेन स्विच बंद केला आणि रेडिओ बॅटरीवर लावला. खरखर जशीच्या तशी.

"आपलं घर निर्दोष आहे," ते म्हणाले.

"घर आहेच. माझी इस्त्री अर्धी राहिली, त्याचं काय?" काकू म्हणाल्या.

काका छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिना उतरू लागले. मजल्यागणिक खरखर वाढत गेली. तिसऱ्या मजल्यावर, निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या दारापाशी, ट्रान्झिस्टर अक्षरशः किंचाळला. 'दुपारी दोन ते पाच शांतता राखा' ही जिन्यातली पाटी बाईंनीच लावून घेतली होती.

"पाटी वाचता येत नाही का?" दार उघडत बाईंनी विचारले.

"येते. बाई, तुमचा कॉम्प्युटर चालू आहे?"

"मुळीच नाही. मी वाचत बसले होते."

काकांनी ट्रान्झिस्टर पुढे केला. "हा म्हणतो, चालू आहे."

"त्याला काय कळतं?"

"पडद्यावर काही हललं की याचा सूर बदलतो. मघापासून दर दोन सेकंदांनी बदलतोय. इतक्या भराभर पानं कोणी उलटत नाही."

बाईंनी जिन्यात वर-खाली पाहून घेतले. "आत या. चपला बाहेर."

पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता.

"शाळेचा इतिहास लिहितेय, असं मी सगळ्यांना सांगितलंय," बाई जरा खालच्या स्वरात म्हणाल्या.

"लिहा की. मी कशाला कोणाला सांगतोय? फक्त तुमच्या इतिहासात माझा मित्र बुडतो."

दोष निघाला कॉम्प्युटरच्या नव्या, स्वस्त चार्जरचा. काकांनी खिशातून खरखर अडवणारे एक काळे चुंबकी कडे काढले, चार्जरची वायर त्यातून आठ वेळा ओवली आणि ट्रान्झिस्टर जवळ नेला. खरखर बरीच ओसरली. पूर्ण गेली नाही.

"मग आता?"

"आता उद्या चारला इतिहासाला अर्धा तास सुट्टी."

रविवारी बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि खात्री पटावी म्हणून स्वतःच काकांच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या. चार वाजून चार मिनिटांनी आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. काकांनी पहिल्याच वाक्यात उशीर केल्याबद्दल मित्राला झापले.

"ते राहू दे," मित्र म्हणाला. "मुलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी नव्हती. मी तार घेऊन ठेवलीय. दहा मीटर. तांब्याची. तिला म्हटलं, हिच्यावर कपडे लवकर वाळतात."

"पटलं तिला?"

"माझीच मुलगी आहे. म्हणाली, रविवारी दुपारी तारेवरचे कपडे काढून ठेवत जाईन."

काका इतके हसले, की उत्तर द्यायचे बटण दाबायचे विसरले. बाई मात्र गंभीर झाल्या होत्या.

"म्हणजे हे दर रविवारी?"

"दर रविवारी, बाई."

"मग मला तीनलाच इतिहासाला बसायला हवं," बाई म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या.