भिकनभाऊंचा गूळ

आमच्या लिंबायतच्या गल्लीत गोष्टी गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ओट्यावर मेथी निवडत बसलं की त्या आपल्या पायांनी चालत येतात. काही अर्ध्याच येतात. मग उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्यासारखीला उठावं लागतं!

त्या सकाळी नळावर कोणीतरी हळूच म्हणालं, "भिकनभाऊंचं रक्त बिघडलंय म्हणे, आणि आता ते त्यांच्या नातीला..." तेवढ्यात पाणी आलं. सगळ्या हंडे घेऊन पळाल्या. नातीला काय, ते नळातच राहिलं. भिकनभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. नात परी, तीन वर्षांची, सगळ्या गल्लीची लाडकी. माझा हंडा त्या दिवशी अर्धाच भरला.

*

भिकनभाऊ जवळच उधन्याला जुन्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामाला. रिक्षाच्या, ट्रकच्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं. आमच्या गल्लीतले पाच-सहा जण तिथेच जातात.

गल्लीत सर्दी आली की आधी भिकनभाऊंकडे उतरायची आणि सगळ्यांत शेवटी तिथूनच निघायची. ताप गेला तरी खोकला राहायचा. त्यांच्यासोबत भट्टीवर काम करणारा दिलीप म्हणायचा, "भिकनभाऊ, सर्दीकडून भाडं घेत जा. कायमची राहते तुमच्याकडे."

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगाच्या मांज्यानं इथे सगळ्यांचीच बोटं कापतात. सगळ्यांची भरली. भिकनभाऊंचं बोट होळी आली तरी चिंधीतच. मंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हळद लावून लावून चिंधी पिवळी केली. जखम आपली तशीच.

*

आता गुळाचं. कारखान्यात रोज संध्याकाळी शेठ सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचे. "गोळ खाओ, बधुं साफ थई जशे," म्हणजे गूळ खा, सगळं साफ होईल, असं गुजरातीत म्हणायचे. धूळ, धूर, सगळं गुळाबरोबर उतरतं अशी सगळ्यांची खात्री. शेठ मनानं वाईट नाहीत, ते स्वतःही खायचे. भिकनभाऊ तर अर्धा खडा तिथे खायचे आणि अर्धा खिशात घालून परीसाठी आणायचे.

ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की परी पळत सुटायची. भट्टीच्या धुळीनं राखाडी शर्ट, राखाडी केस, भुवयासुद्धा राखाडी. ती त्यांच्या अंगावर चढून थेट खिशात हात घालायची. मी ओट्यावरून रोज बघायची. इतकं गोड वाटायचं, काय सांगू.

*

शेवटी मंदाबाईंनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षात जागा होती.

रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यांच्या रक्तात शिसं खूप झालंय. आपल्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. शिशानं ते ढिले पडतात, त्यांचं कामच बिघडतं. म्हणून सर्दी हटत नाही, जखमही भरत नसेल. मग विचारलं, कामावर काय खाता?

मंदाबाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, रोज गूळ खातात.

"हात धुऊन?"

भिकनभाऊ हातांकडे बघत बसले. नखांत काळं होतंच. डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या, "गुळाचं काही चुकलं नाही हो. पण त्याच्याबरोबर रोज शिसं खाल्लंत."

घरी कोणी लहान आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मंदाबाईंच्या आधी मीच रडले.

*

परीचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत भिकनभाऊ कामावर गेले नाहीत आणि परीला जवळही घेतलं नाही. ती आली की पाठ करून बसायचे. पोरगी खिसा शोधत शर्ट ओढायची. एकदा ते माझ्या ओट्यावर येऊन आमच्या अहिराणीत पुटपुटले, "बहीण, मी तिले काय खावाडं?" तिला काय खाऊ घातलं मी, असं विचारत होते. मी चहा ठेवला.

रिपोर्ट आला. परीच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. हा सर्दीसारखा लागणारा रोग नाही, आजोबांनी जवळ घेतलं म्हणून होत नाही. तो कपड्यांवरून येतो, केसांतून येतो, खिशातून येतो. तिकडेच अंघोळ करा, कपडे बदला, मग खुशाल उचला. आणि यांनी आता भट्टीजवळ जायचं नाही.

कारखान्यात दिलीप शेठना म्हणाला, "शेठ, गूळ राहू द्या. साबण द्या." दोन नळ बसले, न्हाणीघर झालं. भिकनभाऊंना गेटवर बसवलं.

नळावर बायांनी मला विचारलं, मग लागतो का नाही रोग? मी म्हटलं, अर्धा; माणसाकडून नाही, कपड्यांकडून. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतेय.

*

भिकनभाऊ पुन्हा कामावर गेले त्या पहिल्या संध्याकाळी मी मेथी घेऊन आधीच ओट्यावर बसले होते. मंदाबाई दारात. परी पायरीवर.

गल्लीच्या तोंडाशी ते दिसले. कारखान्यातून न्हाऊन आलेले, धुतलेला पांढरा शर्ट, ओले केस काळेभोर. माझ्या ओट्यापाशी थांबून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

परीनं बघितलं आणि मंदाबाईंच्या पातळाआड लपली. म्हणाली, "हे आबा नाहीत."

भिकनभाऊ हसायला गेले आणि त्यांना तो जुना खोकला आला.

तो ऐकताच परी त्यांच्याकडे धावत सुटली.